पत्र्याची दुमड आणि लोहाराने बांधलेली घरे

चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघालेल्या सागवानी खुर्च्या परदेशातील लिलावात लाखो रुपयांना गेल्या, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. वेताची बैठक फाटलेली आणि पाठीवर कचेरीचा क्रमांक रंगवलेली खुर्ची एवढी महाग कशी, हा प्रश्न रास्तच आहे. त्या खुर्च्या पिएर जानरे यांच्या नावाने ओळखल्या जातात. चंडीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या नात्यातले हे वास्तुविशारद १९५१ साली चंडीगडला आले आणि पुढची चौदा वर्षे तिथेच राहिले. त्याच लिलावांत त्यांचे एके काळचे सहकारी ज्याँ प्रूव्हे यांच्या वस्तूही मांडलेल्या असतात. त्यांत मुख्य काम दुमडलेल्या पोलादी पत्र्याने केलेले असते, मग ती खुर्ची असो, टेबल असो, दार असो, की सुट्या भागांत बांधून ठेवलेले अख्खे घर असो.

प्रूव्हे यांची ओळख करून देताना ‘धातुकारागीर’, ‘कला, विज्ञान आणि वास्तुकला यांचा संगम’ असे शब्द हमखास येतात. शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांतून कळत काही नाही. संगम म्हटला की नद्या कोठे मिळतात ती जागा दाखवता आली पाहिजे. प्रूव्हे यांच्या बाबतीत ती जागा बोट ठेवून दाखवता येते: पत्रा जिथे दुमडला जातो ती रेघ. ती रेघ समजली की खुर्ची समजते, आणि खुर्ची समजली की घरही समजते.

भाता, ऐरण आणि मग यंत्र

ज्याँ प्रूव्हे यांचा जन्म १९०१ चा. वडील व्हिक्टर प्रूव्हे चित्रकार आणि शिल्पकार होते. पूर्व फ्रान्समधील नाँसी शहरात काच, लाकूड, चामडे आणि धातू यांत काम करणाऱ्या कलावंतांनी व कारखानदारांनी मिळून जी कलाचळवळ उभी केली होती, तिच्या पुढाऱ्यांपैकी ते एक. कलावंताने कारखान्याचे सोवळे पाळू नये, हा विचार त्यामुळे मुलाच्या कानावर लहानपणापासूनच पडत होता. त्याला खरे तर इंजिनिअर व्हायचे होते; पण पहिले महायुद्ध आडवे आले आणि १९१६ साली, पंधराव्या वर्षी, तो पॅरिसजवळ एमिल रोबेर या नामवंत लोहाराकडे उमेदवारीला गेला. पुढे पॅरिसमध्ये साबो यांच्या भट्टीवर त्याने काम केले आणि १९२४ साली नाँसीत स्वतःचे दुकान थाटले.

सुरुवातीची कामे कोणत्याही चांगल्या लोहाराकडे येतात तशीच होती: फाटके, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या. नंतर त्यांनी विजेवर चालणारे वेल्डिंग यंत्र आणि पत्रा वाकवण्याचे यंत्र घेतले, आणि कामाची जातच बदलली. तापवून ठोकलेल्या सळईच्या वेलबुट्ट्या मागे पडल्या आणि थंडच वाकवलेला पत्रा पुढे आला. वास्तुविशारदाची पदवी प्रूव्हे यांनी कधीच घेतली नाही. आयुष्यभर ते स्वतःला कारखान्यातला माणूस मानत राहिले. ल कॉर्बुझिए त्यांना ‘बांधणारा’ म्हणत, आणि मला वाटते त्यांच्यासाठी इतका नेमका दुसरा शब्द नाही.

लग्नपत्रिकेचा पूल

आता विज्ञानाकडे वळू. घरात पडलेली एखादी जाड लग्नपत्रिका घ्यावी, दोन पेले वीतभर अंतरावर ठेवावेत आणि पत्रिका त्यांच्यावर पुलासारखी आडवी टाकावी. वर चमचा ठेवला की पत्रिका खाली झोळ धरते. तीच पत्रिका काढून तिच्या दोन्ही लांब कडा बोटभर वर दुमडाव्यात आणि पुन्हा पेल्यांवर ठेवावी. आता चमचाच काय, वाटीही राहते. कागद तोच, वजन तेच, फक्त दोन रेघा वाढल्या.

असे का होते, हे पाहण्यासाठी लोखंडी फूटपट्टीची कल्पना करावी. पट्टी आडवी धरून वाकवली की ती सहज वाकते; उभी धरून वाकवायला गेले की दाद देत नाही. कोणतीही वस्तू वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा थर ताणला जातो, आणि मधल्या थराला जवळजवळ काहीच काम पडत नाही. म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचे काम मध्यापासून दूर असलेला धातू करतो, आणि तो जितका दूर तितका त्याचा उपयोग जास्त. बिजागरीजवळ ढकललेले दार जड लागते आणि कडेला ढकललेले हलके लागते, त्याच्यामागेही अंतराचा हाच हिशेब असतो. वाकण्याला होणाऱ्या या विरोधाला या लेखात ‘ताठपणा’ म्हटले आहे. ताठपणाचा जो भाग केवळ आकारातून येतो, त्याला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हणतात. ते नाव आपल्याला पुन्हा लागणार नाही.

ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो, हे त्यातले कळीचे गणित. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी आडवीऐवजी उभी धरली, तर उंची दहापट होते पण रुंदी दहावा हिस्साच उरते, म्हणून तिचा ताठपणा नेमका १०० पट होतो.

दुमडीचा हिशेब तर याहून गमतीचा आहे. १०० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी पत्र्याची सपाट पट्टी घ्या. तिच्या दोन्ही कडा ३०-३० मिलिमीटर वर दुमडून पन्हळीसारखा आकार करा. गणित मांडून पाहिले, तर त्याच धातूचा ताठपणा हजारपटीहून जास्त होतो. धातूचा एक कणही वाढवलेला नाही. पत्र्याच्या दुकानात सपाट पत्रा आणि पन्हळी पत्रा शेजारी शेजारी उभे असतात. आपल्या गोठ्यांवर आणि शेडवर पन्हळीच का जातो, याचे उत्तर याच गणितात आहे. आपल्या स्वयंपाकघरातही ते रोज आपल्या हाताखालून जाते. स्टीलच्या ताटाचा काठ वळवलेला असतो तो हात कापू नये म्हणून, हे खरे. पण तो काठ नसता तर भरलेले ताट एका हाताने उचलताना मधोमध लचकले असते.

तर मग सगळेच पातळ पत्र्याचे का करत नाहीत?

ही शंका बरोबर आहे, आणि तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिली गोष्ट, ताठपणा आणि ताकद या वेगळ्या बाबी आहेत. दुमडीमुळे वस्तू कमी वाकते, पण पोलाद जितका ताण सहन करू शकते त्याची मर्यादा दुमडीने बदलत नाही. दुसरी गोष्ट, पातळ भिंतीचा आकार दाबाखाली अचानक चुरगळतो. रिकामा पत्र्याचा डबा उभा ठेवला तर बऱ्यापैकी वजन पेलतो, पण त्याच वेळी कुणी बाजूला बोट दाबून पोचा पाडला की संपूर्ण डबा एका क्षणात बसतो. म्हणून पातळ पत्र्याच्या वस्तूत दुमड कोठे द्यायची, किती खोल द्यायची, कोणता भाग पेटीसारखा बंद करायचा आणि कोणता उघडा ठेवायचा, यातच सगळे कसब असते. उघडा आकार वाकण्याला चांगला विरोध करतो, पण पिळले की सहज पिळवटतो. चारही बाजूंनी बंद केलेली पेटी पिळालाही दाद देत नाही. बुटाच्या खोक्याचे झाकण काढून खोके पिळून पाहावे आणि नंतर झाकण चिकटवून पाहावे, म्हणजे हा फरक हातालाच कळतो.

यंत्रापाशी उभे राहून

हे सगळे कागदावर कळूनही जे कळायचे राहते, ते फॅब्रिकेशनच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते. माझ्या घराजवळच्या अशाच एका दुकानात मी बेंडिंग मशीनवरचा माणूस पुष्कळदा पाहिला आहे. तो पत्र्यावर गुण्या लावून टोकदार सुईने रेघ ओढतो, ती रेघ खालच्या साच्याच्या खाचेवर आणतो आणि पायाने पट्टी दाबतो. वरचे पाते खाली येते आणि पत्रा मुकाट्याने वाकतो. पाते वर गेले की मात्र पत्रा थोडा मागे उसळतो. काटकोन हवा असेल तर तो काटकोनापेक्षा अंशभर जास्त वाकवावा लागतो, आणि हा अंशभर किती असावा हे पत्र्याची जाडी, त्याची जात आणि तो लाटताना धातूचे तंतू ज्या दिशेने गेले ती दिशा यांवर ठरते. फार आवळून वाकवला तर बाहेरच्या बाजूला केसासारखी चीर जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुमडींचा क्रम. चार बाजू दुमडून पेटी करायची असेल आणि क्रम चुकला, तर तयार पेटी यंत्राच्या पात्याभोवतीच अडकून बसते. नवशिक्या पोरांची अशी फजिती दुकानात चवीने सांगितली जाते.

प्रूव्हे यांचे वैशिष्ट्य हे, की त्यांची रचना या यंत्राच्या सवयींतूनच सुरू होते. त्यांच्या कारखान्यात आरेखन करणारे आणि पत्रा वाकवणारे एकाच आवारात बसत, कल्पना कागदावर आली की तिचा नमुना लगेच बनवला जाई, आणि कोठे चुकले ते वस्तूच सांगे. कारागिरी आणि विज्ञान हे त्यांच्याकडे दोन वेगळे विभाग नव्हतेच.

खुर्चीचा मागचा पाय

१९३४ साली घडवलेली आणि पुढे ‘स्टँडर्ड’ या नावाने ओळखली गेलेली त्यांची खुर्ची पहिल्या नजरेला बेढब वाटते. पुढचे पाय साध्या, बारीक नळीचे. मागचे पाय मात्र रुंद, पोकळ, पत्र्याचे, आणि बैठकीच्या उंचीला सर्वांत फुगीर होऊन वर आणि खाली निमुळते होत गेलेले. चारही पाय एकसारखे हवेत, असे ज्याच्या डोळ्यांना वळण लागलेले आहे, त्याला ही खुर्ची दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडल्यासारखी दिसेल.

पण आपण खुर्चीवर बसतो कसे ते पाहावे. जेवण झाल्यावर माणूस मागे रेलतो, पुढचे पाय जमिनीवरून उचलतो आणि मागच्या दोन पायांवर डुलतो. पोरांना आपण यावरूनच ओरडतो. त्या क्षणी सगळे वजन मागच्या पायांवर येते आणि वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो तो बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या ठिकाणी. लाकडी खुर्ची मोडते तीही बहुधा तिथेच. प्रूव्हे यांनी त्या ठिकाणी धातू मध्यापासून दूर नेला, म्हणजे पाय तिथे रुंद केला, आणि जिथे जोर कमी तिथे तो निमुळता केला. खुर्चीच्या पायाचा आकार म्हणजे तिच्यावर येणाऱ्या जोराचा जणू आलेखच आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा त्यांनी हाच आकार पूर्णपणे लाकडात करून पाहिला. आज ही खुर्ची स्वित्झर्लंडची व्हिट्रा कंपनी बनवते.

मला या खुर्चीतले सौंदर्य लगेच दिसले नाही, हे कबूल करतो. जोर कोठे येतो ते समजल्यानंतर मात्र चार सारख्या पायांच्या खुर्च्या उगीचच जाड वाटू लागल्या.

खुर्चीचे घर कसे झाले

आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरात मधोमध उंच खांब असतात, त्यांवर आढे असते आणि आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. घर उभे राहते ते आढ्यामुळे. प्रूव्हे यांच्या घरांची कल्पना यापासून फार दूर नाही. घराच्या मध्यभागी दुमडलेल्या पत्र्याची, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी एक कमान; तिच्या डोक्यावरून घराच्या दोन्ही टोकांकडे जाणारे पत्र्याचे आढे; आणि बाजूच्या भिंती म्हणजे लाकडाचे सुटे पडदे, जे एकमेकांना आणि छपराला आधार देत उभे राहतात. या मध्यवर्ती कमानीचे पेटंट त्यांनी १९३९ साली घेतले. त्याच सुमारास एका अल्युमिनियम कारखान्याच्या तात्पुरत्या इमारतींसाठी ते जानरे आणि रचनाकार शार्लोत पेरियाँ यांच्याबरोबर काम करत होते. म्हणजे लिलावाच्या यादीत शेजारी शेजारी येणाऱ्या या नावांची ओळख जुनी आहे.

कमानीचे पायही खुर्चीच्या पायांच्याच घराण्यातले: पोकळ पेटी, जोडाच्या जागी रुंद, जमिनीकडे निमुळती. आकार बदलला, रीत तीच राहिली.

युद्धाच्या काळात प्रूव्हे जर्मन ताब्याविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होते आणि १९४४ साली नाँसी मुक्त झाल्यावर काही महिने शहराचे महापौरही झाले. लॉरेन प्रांतातील गावेच्या गावे बेचिराख झाली होती आणि हिवाळा तोंडावर होता. तेव्हा सरकारच्या पुनर्बांधणी खात्यासाठी त्यांनी ६ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद अशी सुटी घरे बनवली. सगळे भाग मालमोटारीतून येत, प्रत्येक भाग माणसांना हातांनी उचलता येईल एवढाच असे, आणि दोनतीन माणसे एका दिवसात घर उभे करत. क्रेनची गरज नव्हती, ओल्या सिमेंटची नव्हती, आणि घर हलवायचे झाले तर ते सुटे करून पुन्हा मोटारीत भरता येत असे. ज्याची पडलेली वास्तू त्याच जागेवर पुन्हा उभी राहायची आहे, त्याला आपल्याच अंगणात राहता यावे, हा त्यामागचा विचार मला आजच्या कितीतरी निवारा योजनांपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो.

भार न घेणारी भिंत

मुंबईतील काचेच्या उंच इमारती पाहून अनेकांना प्रश्न पडतो, की काच एवढे मजले कशी पेलते. उत्तर असे, की काच काहीच पेलत नाही. भार आतला सांगाडा घेतो आणि बाहेरचे आवरण त्या सांगाड्यावर पडद्यासारखे टांगलेले असते. म्हणूनच त्याला इंग्रजीतून आलेला ‘कर्टन वॉल’ हा शब्द आहे. आपण त्याला पडदाभिंत म्हणू. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत आणि या भिंतीत फरक हा, की वाड्याची भिंत काढली तर वरचा मजला खाली येईल, आणि पडदाभिंत काढली तर फक्त वारा आत येईल.

ही कल्पना पत्र्यात उतरवणाऱ्या आरंभीच्या महत्त्वाच्या इमारतींपैकी एक पॅरिसच्या सीमेवरील क्लिशी येथे आहे. वास्तुविशारद बोद्वँ व लोद्स आणि इंजिनिअर बोद्यान्स्की यांच्याबरोबर प्रूव्हे यांनी १९३५ ते १९३९ या काळात घडवलेले हे लोकगृह म्हणजे खाली बाजार आणि वर सभागृह. वरच्या मजल्याची जमीन सरकवून गोळा करता येते, छपरही उघडते, आणि फिरत्या भिंतींनी सभागृह लहानमोठे होते.

त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पत्र्याचा मोठा सपाट तुकडा कधीच सपाट दिसत नाही. उन्हात त्यावर लाटा उमटतात आणि हाताने दाबला की ‘टण्’ असा आवाज करून आतबाहेर होतो. प्रूव्हे यांनी दोन पत्र्यांच्या मध्ये गादीत असतात तशा स्प्रिंगा बसवल्या. स्प्रिंगांनी पत्रे आतून किंचित बाहेर रेटले, ते अगदी थोडे फुगीर झाले, ताणले गेले आणि शांत बसले. दुमड देता येत नाही तिथे फुगवटा द्यावा, कारण वक्र पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो. तीच लग्नपत्रिका दुमडण्याऐवजी नळीसारखी थोडी वळवून पाहिली तरी हे पटेल. १९८३ साली फ्रान्सने ही इमारत संरक्षित स्मारक म्हणून नोंदवली.

पण पत्र्याचे घर तापणार नाही का?

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेल्या माणसाला ही सगळी स्तुती ऐकून हसू येईल, आणि पावसात त्याच पत्र्याखाली बोलणे ऐकू येत नाही हेही तो सांगेल. आक्षेप खरा आहे. धातू उष्णता झटकन पुढे देतो, त्यामुळे पत्र्याचा एकच थर असेल तर घराची भट्टीच होते.

प्रूव्हे यांच्यासमोर हा प्रश्न आफ्रिकेतल्या घरांच्या निमित्ताने आला. फ्रान्सच्या तेव्हाच्या वसाहतींसाठी त्यांनी ‘उष्ण प्रदेशातील घर’ तयार केले. पहिले १९४९ साली नायजरमधील नियामे येथे आणि दोन १९५१ साली काँगोतील ब्राझाव्हिल येथे उभारली गेली. नियामेचे घर सुट्या भागांत विमानाने गेले. भागांची लांबी ठरवली ती कारखान्यातल्या यंत्राने, कारण सुमारे ४ मीटरपेक्षा लांब पत्रा त्यात वाकवता येत नव्हता.

या घराला एकाखाली एक अशी दोन छपरे आहेत. वरचे छप्पर ऊन स्वतःवर घेते. दोहोंमधली हवा तापते, वर चढते आणि आढ्यापाशी ठेवलेल्या उघड्या पन्हळीतून बाहेर निघून जाते. तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. घराभोवती पडवी आहे आणि पडवीवर उन्हाला अडवणाऱ्या अल्युमिनियमच्या हलत्या पट्ट्या. आपल्या कोकणातल्या घराला उतरत्या छपराची पडवी असते आणि कौलांच्या फटींतून गरम हवा सुटते, त्याचेच हे धातूतले रूप. उन्हात डोक्यावर छत्री धरलेल्या माणसासारखे ते घर उभे असते: छत्री तापते, डोके तापत नाही.

अल्युमिनियम निवडण्याचे कारण वजन. तेवढ्याच आकाराचे पोलाद त्याच्या जवळजवळ तिप्पट जड असते. मात्र अल्युमिनियम तेवढ्याच जोराने सुमारे तिप्पट वाकतेही, म्हणून त्यात दुमडीची गरज आणखी वाढते. मुख्य सांगाडा पोलादाचाच ठेवण्यामागेही हेच गणित. गंजाच्या बाबतीत अल्युमिनियम भाग्यवान आहे, कारण त्यावर हवेनेच एक पातळ, घट्ट थर चढतो आणि तो आतल्या धातूला जपतो. पोलादाला तसे कवच नाही. त्याला रंग किंवा जस्ताचा लेप लागतो, आणि दुमडीत पाणी साचणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नाही तर जी रेघ पत्र्याला ताठ करते, तिथूनच तो सडायला लागतो.

एवढे चांगले होते, तर चालले का नाही?

आफ्रिकेत अशी घरे शेकड्यांनी जातील अशी आशा होती. उभी राहिली तीन. ती स्थानिक बांधकामापेक्षा स्वस्त पडली नाहीत आणि वसाहतीतील युरोपीय अधिकाऱ्यांना त्यांचे रूपही रुचले नाही. सुटे घर स्वस्त पडते ते मोठ्या संख्येने बनवले तरच, आणि मोठी संख्या हवी तर आधी मागणी हवी. हा पेच प्रूव्हे यांना कधीच सुटला नाही.

१९४७ साली त्यांनी नाँसीजवळ माक्सेव्हिल येथे मोठा कारखाना काढला होता. भांडवलासाठी अल्युमिनियम उद्योगातील मोठी कंपनी भागीदार झाली, हळूहळू कारभार तिच्या हाती गेला, आणि रचना करणारा माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये व्यवस्थापन येऊन बसले. १९५३ साली प्रूव्हे स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडले. कल्पना आणि हात यांची ताटातूट झाली की त्यांची पद्धत चालतच नाही, हे त्या व्यवस्थापनाला उमगले नसावे असे मला वाटते.

नंतरची हकीगत आणखी बोलकी आहे. १९५४ च्या कडाक्याच्या थंडीत पॅरिसच्या रस्त्यांवर माणसे गारठून मरत होती आणि आबे पिएर या धर्मगुरूंनी रेडिओवरून देशाला हाक दिली. त्यांच्यासाठी प्रूव्हे यांनी बेघरांचे घर तयार केले आणि १९५६ साली सेन नदीच्या काठावर ते सात तासांत उभे करून दाखवले. त्याच्या मध्यभागी पोलादाचा एक गाभा होता, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यातच, आणि सगळे घर त्या गाभ्यावर टेकलेले. लोकांनी गर्दी केली. सरकारी मान्यता मात्र मिळाली नाही, कारण न्हाणीघर आणि स्वयंपाकघर घराच्या मधोमध होते आणि त्यांना बाहेर उघडणारी खिडकी नव्हती. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाच्या न्हाणीघराला खिडकी नाही म्हणून घरच नाकारायचे, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

मग ही कला कशी?

कला म्हणजे गरजेच्या पलीकडे केलेली भर, असे मानणाऱ्याला प्रूव्हे यांच्यात कला सापडणार नाही, कारण भर घालण्याऐवजी ते काढून टाकत गेले. मात्र एकाच जोराला उत्तर देणारे दहा आकार असू शकतात. विज्ञान त्यांतले चुकीचे बाद करते. उरलेल्यांतला कोणता घ्यायचा, निमुळतेपणा कोणत्या वळणाने जावा, हे विज्ञान सांगत नाही. ती निवड चित्रकाराच्या घरात वाढलेल्या डोळ्याने केलेली आहे. १९५७ पासून पुढे तेराएक वर्षे प्रूव्हे पॅरिसमधील एका राष्ट्रीय तंत्रसंस्थेत शिकवत होते आणि फळ्यावर खडूने आकृत्या काढत बोलत. त्या आकृत्यांची छायाचित्रे पाहिली, की गणित आणि चित्र एकाच हातातून कसे उतरते ते दिसते. १९७१ साली पॅरिसमधील पाँपिदू कलाकेंद्राच्या इमारतीसाठी आलेल्या ६८१ आराखड्यांतून निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच पदवी नसलेल्या लोहाराकडे होते. त्या समितीने वास्तुविशारद पियानो आणि रॉजर्स यांचा, सांगाडा आणि नळ बाहेर दाखवणारा आराखडा निवडला, आणि त्यावरून पॅरिसमध्ये बराच गदारोळ झाला.

लिलावांविषयी मात्र माझे मन साफ नाही. आफ्रिकेतली तिन्ही घरे सुटी करून फ्रान्सला नेण्यात आली आणि त्यांपैकी एक २००७ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ५० लाख डॉलरना विकले गेले. घर सुटे करता येते, हा गुण बेघरांसाठी होता. तो कामी आला तो संग्राहकांच्या. त्याच वर्षी अँजेला फरेरा या कलावतीने व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोर्तुगालच्या वतीने या घरांवरच काम मांडले आणि घर उचलून नेल्यावर मागे राहिलेल्या रिकाम्या जागांची छायाचित्रे लोकांसमोर ठेवली.

प्रूव्हे यांचे स्वतःचे घर मात्र जागेवर आहे. कारखाना सुटल्यानंतर १९५४ साली त्यांनी नाँसीच्या एका टेकडीवर, जिथे उतार फार म्हणून बांधकाम अवघड होते, घरच्यांना आणि मित्रांना हाताशी धरून ते बांधले. सामान म्हणजे बहुतेक माक्सेव्हिलला उरलेले तुकडे. त्यामुळे त्यात एक भिंत गोल भोके पाडलेल्या अल्युमिनियमच्या पडद्यांची आहे, तर दुसरी लाकडाची. टेकडीकडच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपाटांची ओळ आहे, आणि तीच भिंतीचे कामही करते. १९८४ साली, नाँसीतच, प्रूव्हे गेले. घर आता शहराच्या मालकीचे आहे.